नवी बॅटरीही तीन महिन्यांत बसते? मोटरसायकल सेल्फ का घेत नाही, कुठे काय मोजायचं आणि बॅटरी कोणती घ्यायची

सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक’. किकवर गाडी सुरू होते, दिवसभर बरी चालते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बॅटरी बदलली, दोन-तीन महिने बरे गेले आणि परत ‘टक’. अशा गाडीत आणखी एक नवी बॅटरी टाकली तर तीही त्याच वाटेने जाते, कारण बॅटरी मरते ती बहुतेक वेळा गाडीतल्या दुसऱ्या बिघाडामुळे. चार्जिंग कमी असतं, नाहीतर जास्त असतं, बंद गाडीत करंट गळत असतो किंवा टर्मिनल आणि अर्थिंग (काळ्या वायरीची इंजिन-चेसिसशी जोडणी) सैल असतं. हे चारही ओळखायला तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर, १० नंबरचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि तासभर वेळ पुरतो. दुकानात जायच्या आधी तो तास जरूर द्या.

आधी आवाज ऐका

सेल्फचं बटण दाबल्यावर काय ऐकू येतं, त्यावरून निम्मा शोध तिथेच संपतो.

भरभर ‘टकटकटक’ असा आवाज आणि सोबत मीटरचे दिवे मिणमिणणं म्हणजे व्होल्टेज कोसळतंय. सेल्फचा रिले (मोटरला करंट जोडून देणारा स्विच) ओढला जातो, मोटरने करंट खेचला की व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, रिले पुन्हा ओढला जातो. बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.

एकच ठोस ‘टक’ आणि हेडलाइट जराही मंद न होणं, हा प्रकार वेगळा. रिले लागला, पण करंट मोटरपर्यंत गेलाच नाही. रिलेचे आतले पॉइंट जळलेले असतात, मोटरचे कार्बन ब्रश संपलेले असतात किंवा मोटरच्या जाड वायरीचं टोक सुटलेलं असतं. इथे बॅटरी बदलून काहीही फरक पडणार नाही.

आवाजच नाही, पण हॉर्न आणि इंडिकेटर ठणठणीत: किल स्विच, क्लच स्विच, साइड स्टँडचा सेन्सर, सेल्फचं बटण या क्रमाने बघा. बऱ्याच गाड्या न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबल्यावरच सेल्फ घेतात. क्लच लिव्हरच्या मुळाशी बोटाच्या पेराएवढा स्विच असतो, त्यात पावसाळ्यात पाणी आणि चिखल जातो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून त्याच्या दोन वायरी क्षणभर जोडून बघा. सेल्फ लागला तर दोष सापडला.

आवाज नाही आणि दिवेही नाहीत, तर बॅटरीजवळचा फ्यूज काढून उजेडात धरा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तारेचा तुकडा गुंडाळून काम भागवू नका, नाहीतर पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

मोटर घुंईं करून मोकळी फिरते, इंजिन मात्र हलत नाही, म्हणजे वन-वे क्लच घसरतोय. ते काम गॅरेजचं.

टर्मिनल: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती

सीट किंवा साइड पॅनल काढा आणि बॅटरीच्या वायरीचं टोक दोन बोटांत धरून हलवा. हललं तर गाडीचा निम्मा त्रास इथेच आहे. दुचाकीच्या बॅटरीत टर्मिनलच्या खाचेत एक चौकोनी नट सुटा बसवलेला असतो आणि वरून स्क्रू येतो. नट खाली सरकला की स्क्रू फिरत राहतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टोक मोकळंच राहतं. खाचेत नटाखाली रबराचा छोटा तुकडा सरकवला की नट वर उचलला जातो आणि स्क्रू नीट पकडतो.

टोकावर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कपभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा. सोड्याचं पाणी अ‍ॅसिडच्या बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. टोक घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. थर आधी दिला आणि मग स्क्रू आवळला असं करू नका, धातूला धातू भिडला पाहिजे. कोकणच्या दमट हवेत हे काम दर पावसाळ्याआधी आणि नंतर करावंच लागतं.

बॅटरी काढताना आधी काळी वायर, मग लाल. बसवताना आधी लाल, मग काळी. कारण साधं आहे: काळी वायर लागलेली असताना लाल स्क्रूवरचा पाना चेसिसला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना तापून लाल होतो आणि हात भाजतो.

चार आकडे

पहिला आकडा, निवांत बॅटरीचा. गाडी रात्रभर बंद राहू द्या. चालवून आल्याआल्या मोजलं तर वरवरच्या चार्जमुळे आकडा फुगलेला दिसतो आणि फसवतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन्ही टर्मिनलना लावा. अ‍ॅसिडची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ दिसेल, सीलबंद व्हीआरएलए (पाणी घालावं न लागणारी) असेल तर साधारण १२.८ ते १३. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नीट चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास येऊन थांबत असेल तर एक सेल गेला. आत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट, त्यातला एक कमी झाला की नेमका हाच आकडा उरतो. ती बॅटरी आता बदलायचीच.

दुसरा आकडा, सेल्फ मारतानाचा. हाच सगळ्यात जास्त सांगून जातो. मीटरची टोकं बॅटरीवर धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा. धड गाडीत आकडे असे पळतात: १२.७, ११.१, १०.८, इंजिन पेटलं, १३.५, १४. बिघडलेल्या बॅटरीत १२.५ वरून थेट ७.९, ‘टक’, आणि बटण सोडताच पुन्हा १२.३. हॉर्न वाजवायला पुरेल इतकी ताकद तिच्यात असते, मोटर फिरवायला नसते. निवांत आकडा चांगला दिसतो म्हणून ‘बॅटरी ठीक आहे’ असं सांगणारे इथेच चुकतात. चार्ज केलेल्या बॅटरीचा सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर तिच्यात दम राहिलेला नाही.

उलट, बटण दाबूनही आकडा १२ च्या वर टिकून आहे आणि मोटर जेमतेम फिरते किंवा फिरतच नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. वाटेत अडथळा आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर, वायरीच्या टोकावर नव्हे तर शिशावर, आणि दुसरं इंजिनच्या उघड्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट सोडा, रंग आणि गंज सॅंडपेपरने खरवडा, परत आवळा. तसंच लाल बाजूला: बॅटरीच्या लाल टर्मिनलपासून मोटरच्या बोल्टपर्यंत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तर रिलेचे पॉइंट किंवा जाड वायर संशयित.

तिसरा आकडा, चार्जिंगचा. इंजिन चालू, हेडलाइट लागलेला, मीटर बॅटरीवर. रेस वाढवून इंजिन ४,००० आरपीएमच्या आसपास नेलं की आकडा साधारण १३.८ ते १४.६ मध्ये यायला हवा. रेस देऊनही १२.४ वरून हलत नसेल, उलट घसरत असेल, तर बॅटरीत काही जातच नाही. १५ च्या वर चढत असेल तर आरआर युनिट, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, ज्याला काही गॅरेजांत कटआउट म्हणतात, ते गेलं आहे. अशी गाडी अ‍ॅसिडचं पाणी आटवते, सीलबंद बॅटरी फुगवते आणि बल्बही उडवते. तीन महिन्यांत बसणाऱ्या बॅटरीची कूस हाताने चाचपा. फुगीर लागली तर ओव्हरचार्जिंग आहे असं समजून आधी आरआर बदला.

चार्जिंग कमी असेल तर मॅग्नेट कॉइलपासून (इंजिनमध्ये वीज तयार करणारी कॉइल) आरआरकडे येणारा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडा. बऱ्याच गाड्यांत तिथे एकसारख्या तीन पिवळ्या वायरी असतात. पिना तपकिरी किंवा वितळलेल्या दिसल्या तर अर्धं उत्तर डोळ्यांसमोर आहे. कपलर सुटा ठेवून इंजिन चालू करा आणि मीटर एसी २०० व्होल्टवर ठेवून दोन-दोन पिवळ्या वायरींमध्ये मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा आणि रेसबरोबर वाढणारा हवा. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळाली. इंजिन बंद करून पिवळी वायर आणि इंजिन बॉडी यांच्यात कंटिन्युइटी (मीटरचा बीप वाजणारा मोड) बघा. मीटर वाजला तर कॉइल बॉडीला शॉर्ट आहे. कॉइल चांगली निघाली तर आरआर किंवा त्याचा अर्थिंग. हे सगळं करताना एक पथ्य पाळा: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. ‘वायर काढली तरी गाडी चालते का बघू’ या जुन्या युक्तीने व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) किंवा गाडीचा डिजिटल मीटर जाऊ शकतो.

चौथा आकडा, गळतीचा. बॅटरी बसण्याचं हे कारण सगळ्यात कमी तपासलं जातं. चावी बंद. काळी वायर काढा आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून एक टोक वायरीला, दुसरं काळ्या टर्मिनलला लावा. आकडा अगदी किरकोळ दिसला तरच मिलिअँपिअरच्या सॉकेटवर या. मीटर असा मध्ये असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच दाबू नका. मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. साध्या कार्बोरेटरच्या गाडीत १ मिलिअँपिअरच्या आत हवं, घड्याळ आणि ईसीयू असलेल्या गाडीत थोडं जास्त चालतं. १० च्या वर दिसलं तर शोध घ्याच.

२० मिलिअँपिअर ऐकायला काहीच वाटत नाही. पण दिवसाला ०.४८ एएच (अँपिअर-तास, बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) जातात, म्हणजे ५ एएचची बॅटरी पाच दिवस उभ्या गाडीत अर्धी होते. मीटर लावून ठेवूनच एकेक संशयित सोडवा: चावीच्या आधी थेट बॅटरीला जोडलेला मोबाइल चार्जर, जीपीएस ट्रॅकर, चोरीचा अलार्म, मोठ्या हॉर्नचा रिले, फॉग लॅम्पची जोडणी. कशानेच आकडा उतरला नाही तर आरआरचा कपलर काढा. तो काढताच शून्याकडे आला तर आरआरचा आतला डायोड उलटा करंट सोडतोय. बाहेरून लावलेल्या वस्तू चावीनंतरच्या लाइनवर, स्वतंत्र फ्यूजसह घ्या. तेवढं केलं तरी अनेक बॅटऱ्या वाचतील.

चारही आकडे बरोबर, तरी बॅटरी उतरते

मग वापराचा हिशोब मांडा. समजा सेल्फची मोटर ६० अँपिअर खेचते आणि प्रत्येक वेळी तीन सेकंद बटण दाबलं जातं. एका वेळी ०.०५ एएच जातात. दिवसात दहा वेळा सेल्फ म्हणजे ०.५ एएच. ते भरून काढायला, निव्वळ १ अँपिअर बॅटरीत जात असेल तरी, अर्ध्या तासाहून जास्त सलग चालायला हवं. पुण्यात किंवा ठाण्यात दोन किलोमीटरची फेरी, त्यात चार सिग्नल, प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद आणि पुन्हा सेल्फ, असा वापर असेल तर हिशोब रोज तोट्यात जातो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू असतो, शिवाय आयडलिंगला चार्जिंग तुटपुंजं. किक असेल तर सकाळचा पहिला स्टार्ट किकने घ्या, थंड इंजिनालाच सगळ्यात जास्त ताकद लागते. दोन २० वॅटचे फॉग लॅम्प लावले असतील तर ते एकटेच सव्वातीन अँपिअर खातात, शहरात ते बंद ठेवा.

बीएस ६ ची गाडी, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, बहुतेक वेळा फ्यूएल इंजेक्शनची असते. तिचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू बॅटरीवर चालतात. बॅटरी पार मेलेली असेल तर किक मारून किंवा धक्का देऊनही गाडी पेटत नाही, कारण पेट्रोलच आत जात नाही. जुन्या एसी सीडीआयच्या (ठिणगीची वीज बॅटरीऐवजी कॉइलवरून घेणाऱ्या) गाड्या बॅटरीशिवाय किकवर सुरू व्हायच्या, त्या सवयीने इथे घाम गाळू नका. चावी लावल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुण आवाज संपू द्या आणि मगच सेल्फ मारा. आवाजच येत नसेल तर व्होल्टेज, फ्यूज किंवा पंपाचा रिले बघा.

इंजिन जोरात फिरतंय आणि तरी पेटत नाही, तेव्हा बॅटरीचा विषय बाजूला ठेवा. सेल्फ लांबवून चांगली बॅटरी उतरवू नका: पाच सेकंदांवर दाबायचं नाही, मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबायचं. प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल ओव्हर झालंय. पुसा, थ्रॉटल पूर्ण उघडून दोन-चार किक मारा. काळ्या काजळीचा असेल तर मिश्रण जाड आहे किंवा एअर फिल्टर चोंदलाय. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. करंट बघायचा तर प्लगची बॉडी इंजिनला टेकवून बघा, पण प्लगच्या उघड्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते. प्लग आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही थंडीत किंवा गरम इंजिनावर त्रास होत असेल तर टॅपेट घट्ट झालेत का ते मेकॅनिककडून तपासून घ्या.

चार्जिंग करताना

दुचाकीच्या बॅटरीला तिच्या एएचच्या दहाव्या भागाएवढा करंट द्यायचा. ५ एएच असेल तर ०.५ अँपिअर, ९ एएच असेल तर ०.९. गल्लीतल्या दुकानात गाडीची छोटी बॅटरी कारच्या बॅटऱ्यांच्या रांगेत जोडून दोन तासांत ‘फुल’ करून देतात. त्यात प्लेटा तापतात, आतलं साहित्य सुटतं आणि बॅटरी आठवड्यात परत बसते. चार्जर आपोआप कमी होणारा आणि १४.४ ते १४.७ व्होल्टच्या वर न जाणारा घ्या. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटून पाणी घालू नका. अ‍ॅसिडच्या बॅटरीत मात्र वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये पातळी ठेवायची, आणि त्यासाठी फक्त डिस्टिल्ड वॉटर. अ‍ॅसिड पुन्हा घालायचं नसतं, कारण आटतं ते पाणी. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात ही पातळी दर पंधरा दिवसांनी बघा.

बदलायचीच असेल तर

जुन्या बॅटरीच्या लेबलचा आणि तिच्या खणाचा फोटो घेऊन दुकानात जा. एएच, मापं, लाल टर्मिनल कोणत्या बाजूला आणि बॅटरी अ‍ॅसिडची की सीलबंद, हे चारही जुळले पाहिजेत. मापांत फसगत होते ती उंचीत. ४, ५ आणि ७ एएचच्या बऱ्याच सीलबंद बॅटऱ्या लांबीला ११४ आणि रुंदीला ७१ मिमीच असतात, उंची मात्र अनुक्रमे ८६, १०६ आणि १३१ मिमी. वरून सारख्या दिसणाऱ्या ५ च्या जागी ४ बसते, खाली फोमचा तुकडा टाकला जातो आणि ग्राहकाला कळतही नाही. लेबल वाचा.

कमी एएच कधीही घेऊ नका. खणात बसत असेल तर थोडी जास्त चालते. मोठी बॅटरी कॉइल जाळते ही समजूत चुकीची आहे. पण चार्जिंगच अपुरं असेल तर मोठी बॅटरी फक्त उशिरा उतरेल. १०० ते ११० सीसीच्या गाड्यांत साधारण ३-४ एएच, ३५० सीसीत ८ ते १४ एएच अशी मापं दिसतात. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. टर्मिनलची बाजू उलटी असलेली बॅटरी वायर ताणून बसवू नका. ताणलेली वायर चेसिसवर घासते, आणि घाईत उलटी लागली तर आरआर आणि ईसीयू दोन्ही जातात.

अ‍ॅसिडची की सीलबंद? गाडीत मुळात सीलबंद आली असेल तर सीलबंदच. मुळात अ‍ॅसिडची असेल आणि चार्जिंगचा आकडा १४.६ च्या आत असेल तर सीलबंद घेणं सोयीचं: पाणी बघायला नको, चेनवर आणि सायलेन्सरवर अ‍ॅसिड गळायला नको. चार्जिंग जास्त असेल तर आधी आरआर. लिथियमची बॅटरी वजनाला हलकी असते, पण रोजच्या कम्यूटर गाडीला तिच्या किमतीएवढा फायदा होत नाही आणि चढत्या व्होल्टेजला ती फार नाजूक असते.

दुकानात दोन गोष्टी मागा. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख दाखवायला सांगा, आणि सीलबंद असेल तर पैसे देण्याआधी समोर व्होल्टेज मोजून घ्या. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. सहा-आठ महिने रॅकवर विनाचार्ज पडलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसायला सुरुवात झालेली असते. कोरडी येणारी बॅटरी असेल तर अ‍ॅसिड भरून वीस मिनिटांत हातात घेऊ नका. अ‍ॅसिड प्लेटांत मुरायला अर्धा-एक तास आणि त्यानंतर कंपनीच्या पत्रकात दिलं असेल तितके तास पहिलं चार्जिंग हवंच. हे टाळलेली बॅटरी जन्मभर अर्धवट भरते. एक दिवस किकवर काढा, पण हे करून घ्या.

वॉरंटी कार्डवर सीरियल नंबर, तारीख आणि शिक्का तिथेच घ्या, आणि किती महिने पूर्ण बदलून मिळते व किती महिने फक्त किमतीत सूट मिळते हे वेगवेगळं विचारा. जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या, तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या. ‘बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, २०२२’ प्रमाणे ती अधिकृत वाटेनेच जायला हवी, आणि शिसं भंगारवाल्याच्या भट्टीत उघड्यावर वितळवणं आसपासच्या मुलांच्या अंगावर येतं.

अ‍ॅसिडची बॅटरी बसवताना व्हेंट पाइपचं (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीचं) लाल टोपण काढा, पाइप पिळलेला नाही आणि चेनपासून लांब खाली सोडलाय हे बघा. रबरी पट्टा सैल असेल तर नवा घाला. खडखडणाऱ्या बॅटरीच्या प्लेटा आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर लवकर सुटतात. महिनाभर गावी जायचं असेल तर काळी वायर काढून टोकाला टेप गुंडाळून जा.

आणि बसवल्या दिवशी चारही आकडे पुन्हा घेऊन वॉरंटी कार्डाच्या मागे लिहा. पंधरा दिवसांनी सकाळी गाडी सुरू करायच्या आधी निवांत आकडा मोजा. तो १२.५ च्या खाली आला असेल तर बॅटरी दुकानात न्यायच्या आधी चार्जिंग आणि गळती परत मोजा.